अडवलं तर दिसतं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले दोन कामगार खोकत खोकत एकाच एक्स-रे खोलीत आले, असं धरू. एक फाउंड्रीतला, वाळूचे साचे फोडण्यात आयुष्य गेलेला. दुसऱ्यानं उमेदीची वर्षं सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात काढली आणि आता तो इथं टॉवेलच्या लूमवर उभा असतो. धाप दोघांनाही लागते, जिना चढताना दोघंही थांबतात. फिल्म मात्र दोघांना सारखा न्याय देत नाही. फाउंड्रीवाल्याला सिलिकोसिस असेल तर फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गोल ठिपके पांढरे होऊन उठतात, कधी गाठींच्या कडेनं चुन्याची पातळ रेघही दिसते. गिरणीवाल्याला बिसिनोसिस असेल तर फिल्म बहुतेक वेळा स्वच्छ येते. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ असं ऐकून तो घरी जातो आणि रात्री पुन्हा उठून बसतो.

कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही आजार होते. कायद्याच्या लेखी दोघेही आजारी. यंत्राच्या लेखी एकच. याचं कारण यंत्राच्या स्वभावात आहे. सिलिकाची धूळ फुप्फुसात रुतून बसते, तिच्याभोवती वणासारख्या कडक गाठी धरतात आणि त्या किरणांना अडवतात. कापसाच्या धुळीनं श्वासनलिका आवळतात. सुट्टीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त जड वाटणं ही या आजाराची जुनी खूण. पण आवळलेल्या नळीत किरणांना अडवणारं नवं काही तयार झालेलं नसतं. मग फिल्मवर उमटणार काय? या माणसाला फुंकर मारायला लावणारं स्पायरोमीटर हवं, पाळीच्या आधी आणि पाळीनंतर. एक्स-रेला सगळं आरपार दिसतं हा आपला गोड गैरसमज आहे. जे त्याला अडवतं, तेवढंच त्याला दिसतं.

अक्कलकोट रोडच्या या औद्योगिक वसाहतीचं नाव काढलं की आधी टॉवेल आणि चादर आठवते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींनाही भौगोलिक मानांकन आहे, आणि यंत्रमागांचा खडखडाट ही या रस्त्याची ओळख आहे. पण याच वसाहतीच्या पत्त्यावर १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचं नोंदणीकृत कार्यालय आहे. मोटारीच्या इंजिनात झडपा उघड-बंद करणारा कॅमशाफ्ट हा त्यांचा माल. म्हणजे एकाच रस्त्यावर सूतही आहे आणि ओतीव लोखंडही. एक्स-रे समजून घ्यायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. इथं माणसाची छाती तपासायची असते, आणि ज्या धंद्यात लोखंड ओततात त्या धंद्यात लोखंडाचं पोटही.

एक्स-रे यंत्राचं मूळ ८ नोव्हेंबर १८९५ चं. जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळीवर प्रयोग करत होते आणि बाजूचा रसायन लावलेला पडदा उजळला. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र काढलं, अंगठीसकट. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. पेटंट मात्र त्यांनी घेतलं नाही. आज तालुक्याच्या दवाखान्यातही एक्स-रे निघतो, त्याला हा उदारपणाही थोडा कारण आहे.

आतली रचना दिसते त्याहून साधी आहे. हवा पूर्ण काढून घेतलेल्या नळीत एका टोकाला टंगस्टनची तार. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोर टंगस्टनचाच तिरपा ठोकळा. दोघांच्या मध्ये हजारो व्होल्टचा ताण दिला की इलेक्ट्रॉन त्या ठोकळ्यावर जाऊन आदळतात, एकदम थबकतात, आणि त्या थबकण्यातून एक्स-रे निघतात. पण आदळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ९९ टक्के नुसती उष्णता होऊन जाते, किरण होतात ते उरलेल्या एका टक्क्याचे. टंगस्टन ३,४०० अंशांच्या पुढे वितळतो म्हणून त्याची निवड. तरीही मोठ्या यंत्रात तबकडी एका जागी जळू नये म्हणून ती तव्यावरच्या भाकरीसारखी फिरती ठेवतात, मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेऱ्या. बटण अर्धं दाबल्यावर ‘घर्रर्र’ आवाज येतो तो या तबकडीचा. किरणांना आवाज नसतो.

ऑपरेटरच्या हातात मुख्यतः दोन गोष्टी असतात. केव्ही, म्हणजे नळीवरचा ताण, वाढवला की किरण अधिक खोल घुसतात. एमए, म्हणजे नळीतला प्रवाह, आणि वेळ वाढवली की त्यांची संख्या वाढते. हाताच्या पंजाला पन्नासएक केव्ही पुरतात, छातीला शंभरच्या वर देतात. केव्ही जास्त झाला तर सगळंच आरपार जातं आणि चित्र राखाडी, फिकं येतं. कमी झाला तर किरण कातडीतच जिरतात; चित्र नाही ते नाहीच, वर अंगाला डोस मात्र लागतो. नवशिका इथंच चुकतो.

छातीच्या एक्स-रेला माणूस प्लेटकडे तोंड करून का उभा करतात, याचं उत्तर बऱ्याच जणांना कुणी दिलेलं नसतं. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं. ते प्लेटला जितकं चिकटेल तितकी त्याची सावली खऱ्या आकाराच्या जवळ पडते. म्हणूनच नळीही सहा फूट दूर ठेवतात. खांदे पुढे ढकलायला सांगतात ते खांद्याची हाडं फुप्फुसांवरून बाजूला सरकावीत म्हणून. मग ‘श्वास घ्या, रोखून धरा’. सोलापुरात हे वाक्य मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत येणं हा तंत्रज्ञाच्या कामाचाच भाग समजावा, कारण अर्धवट श्वासातली फिल्म निरोगी माणसालाही आजारी दाखवते.

कारखान्यातला एक्स-रे याच जातीचा, पण नजर उलटी. एक्स-रे चित्रात किरण पोहोचले तिथं काळं, अडले तिथं पांढरं. डॉक्टर काळ्या फुप्फुसात नको तिथं पांढरं शोधतो. कास्टिंग तपासणारा पांढऱ्या लोखंडात नको तिथं काळं शोधतो. ओतताना वायू अडकून राहिला तर ब्लोहोल, धातू थिजताना आत पोकळी पडली तर श्रिंकेज. धातू कमी तिथं किरण जास्त, म्हणून काळा डाग. लोखंड-पोलादासाठी दवाखान्यातली नळी पुरत नाही. औद्योगिक यंत्रं १६० केव्हीपासून ४५० केव्हीपर्यंत जातात, आणि एकेका चित्राला काही सेकंद ते काही मिनिटं देतात. धातूला श्वास रोखायचा नसतो, ही एक सोय.

इथल्या फिल्मसाठी एक छोटी वस्तू मुद्दाम ठेवतात: ओळीनं लावलेल्या, एकीपेक्षा एक बारीक तारांची पट्टी. ती कास्टिंगच्या वरच्या, म्हणजे नळीकडच्या अंगाला ठेवायची. ठरलेली बारीक तार फिल्मवर दिसली तरच ती फिल्म ग्राह्य. तार दिसत नसेल आणि दोषही दिसत नसेल, तर ‘दोष नाही’ म्हणायचा अधिकार तपासनिसाला नाही. आपल्या रोजच्या कितीतरी तपासण्यांना अशी पट्टी असती तर, असं मनात येतं.

आणि इथंही न दिसणारं आहेच. चीर किरणांच्या दिशेनं उभी असेल तर दिसते. आडवी, कागदासारखी पसरलेली असेल तर किरणांच्या वाटेत धातू जवळजवळ तेवढाच राहतो आणि चीर सुटते. त्यासाठी अल्ट्रासॉनिक तपासणी. कॅमचा पृष्ठभाग पुरेसा कडक झाला की नाही, तेही एक्स-रेच्या चित्रात कळत नाही; त्याला हार्डनेस टेस्टरच लागतो.

आता भीतीकडे येऊ. लोक एक्स-रेला घाबरतात, पण बहुधा चुकीच्या वेळी. खोलीत किरण साचून राहतात, तिथं ठेवलेलं पाणी पिऊ नये, यंत्राला हात लावू नये, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नसतं. या ऊर्जेचे किरण कुठल्याही वस्तूला किरणोत्सारी करत नाहीत. स्विच बंद, किरण बंद. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का? खरा धोका बटण दाबलेल्या त्या क्षणात असतो, आणि नेमके त्याच क्षणी दार किलकिलं असतं, नातेवाईक आत डोकावत असतो, किंवा रडणाऱ्या पोराला रोज तोच वॉर्डबॉय धरत असतो. शिवाय त्या क्षणी किरण केवळ नळीतूनच येतात असं नाही. रुग्णाच्या अंगावर पडलेले किरण इकडेतिकडे विखुरतात, एका मीटरवर ते मूळच्या साधारण हजाराव्या भागाइतके उरतात. म्हणजे शेजारी उभ्या माणसासाठी रुग्णच किरणांचा स्रोत बनतो. मूल धरायचंच तर घरच्या माणसानं धरावं, शिशाचा एप्रन घालून. आई गरोदर असेल तर दुसऱ्या कुणी.

बाकी सगळी सुरक्षा अडवण्याचीच आहे. नऊ इंची विटांची भिंत पुरते, किंवा दोन मिलिमीटर शिसं. अंतर दुप्पट केलं की डोस पाव होतो, म्हणून पोर्टेबल यंत्राची वायर लांब असते. ती गुंडाळून ठेवून जवळ उभं राहणारे महाभाग असतात. एप्रन घडी घालून ठेवू नये, टांगावा. घडीवर आतल्या शिशाला चिरा पडतात आणि बाहेरून तो नवाकोरा दिसतो. तो तपासायचा तर त्याचाच एक्स-रे काढावा लागतो.

डोस मोजायला एक्स-रे खोलीत काम करणाऱ्यानं छातीवर लावायचा तो टीएलडी बॅज. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या, लागलेला डोस धरून ठेवणाऱ्या. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत त्या तापवल्या की चमकतात, आणि चमकेवरून डोस मोजतात. बॅज एप्रनच्या आत लावायचा. तो एक्स-रे खोलीत खुंटीवर विसरला तर माणूस घरी आणि डोस बॅजला, आणि मग खुलासे लिहीत बसावं लागतं. मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे १९८३ साली स्थापन झालेल्या एईआरबीची मर्यादा किरणांजवळ काम करणाऱ्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०. सामान्य माणसाला १. छातीच्या एका एक्स-रेचा डोस ०.०२ ते ०.१ च्या घरात. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतोच, बटण कुणी दाबलं नाही तरी.

स्विच नसलेली मात्र एक जात आहे. जाड वेल्डिंग, पाइपलाइन यांचे फोटो इरिडियम-१९२ नं काढतात. या धातूचा छोटा तुकडा शिशाच्या किंवा युरेनियमच्या डब्यात ठेवतात, आणि त्याचे गॅमा किरण रात्रंदिवस चालूच असतात. निम्मं व्हायला ७४ दिवस. कोबाल्ट-६० ला तर सव्वापाच वर्षं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठातून आलेल्या जुन्या यंत्रातलं कोबाल्ट उघडलं गेलं आणि एकाचा जीव गेला. त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडलं, ते पोलाद भारतात वितळवलेल्या भंगाराचं होतं. जिथं भंगार वितळतं तिथं डिटेक्टर लावणं हा खर्च वाटत असेल, तर ही दोन वर्षं आठवावीत. मला तरी फाउंड्रीच्या गेटवरचा डिटेक्टर एक्स-रे यंत्राइतकाच जरुरीचा वाटतो.

इकडे एक्स-रे आता खोलीबाहेर पडला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरायची यंत्रं वस्त्यांमध्ये फिरली. पंधरा वर्षांवरच्यांची फिल्म संगणकानं वाचायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हिरवा कंदील दाखवला. मुंबईतली क्युअर डॉट एआय या क्षेत्रातली एक कंपनी आहे. लूमच्या शेडशेजारी असं यंत्र आलं तर उत्तमच. फक्त ते धरणाऱ्याच्या अंगावर एप्रन आणि बॅज हवा, मागं रिकामी जागा हवी, आणि रांगेतल्यांना बाजूला काढायला एक माणूस हवा. संगणकानं संशय दाखवला की थुंकीचा नमुना द्यायचा. आणि संशय न दाखवता ‘नॉर्मल’ आलेल्या जुन्या गिरणीवाल्याचा खोकला थांबत नसेल, तर त्याला स्पायरोमीटरच्या रांगेत उभं करायचं.