कॅमेरा पोटासाठी आणि मनासाठीही

तुळशीचे लग्न लागले की गोव्यातील छायाचित्रकारांचे दिवस पालटतात. चातुर्मासात थंडावलेली लग्नसराई सुरू होते, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत परराज्यांतील वऱ्हाडे उतरू लागतात आणि मे महिन्यापर्यंत कॅमेऱ्याला उसंत मिळत नाही. लग्न, मुंज, बारसे, साखरपुडा, प्री-वेडिंग अशा एकामागून एक ऑर्डरी येत राहतात. यावर घर चालते, लेन्सचे हप्ते फिटतात. मात्र ज्या ओढीने पहिला कॅमेरा हाती घेतला, ती ओढ या धावपळीत कुठे हरवते, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

हा विषय सुचण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. डिचोली भागातील एक परिचित छायाचित्रकार गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात निधनवार्ता द्यायला आले होते. त्यांच्या मावशी वारल्या होत्या. वाड्यावरच्या धालोत पुढे राहून गाणी सांगणारी ती बाई होती. वार्तेसोबत दिलेला फोटो एका लग्नाच्या समूहचित्रातून कापून मोठा केलेला होता. चेहरा थोडा धूसर, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. आम्ही अधिक चांगला फोटो मागितला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘नाही, ताई. दहा वर्षांत शेकडो लग्नं काढली. मावशीला मांडावर कधीच काढलं नाही. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या पौषात जाऊ.’’

छायाचित्रण व्यवसायातील हा पेच जुना आहे. राजा दीनदयाळ यांचे उदाहरण त्यासाठी उद्बोधक ठरते. १८४४ मध्ये सरधना येथे जन्मलेले दीनदयाळ रुडकीला शिकून इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. छायाचित्रण हा त्यांचा नोकरी सांभाळून जोपासलेला छंद होता. होळकर दरबाराचा आश्रय मिळाला, ब्रिटिश अधिकाऱ्यांची कामे येऊ लागली आणि मगच त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. सरदारांच्या तसबिरी, शिकारीचे देखावे आणि पाहुण्यांचे समारंभ ही त्यांची पोटापाण्याची कामे. त्याच हातांनी मध्य भारतातील मंदिरे, किल्ले आणि राजवाडे यांची जी चित्रे टिपली, ती आज इतिहासाचा ठेवा मानली जातात. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत.

पॅरिसचे युजीन आत्जे यांची गोष्ट याहून वेगळी. चित्रकारांना संदर्भासाठी लागणारे फोटो विकून ते उदरनिर्वाह करीत. जुन्या गल्ल्या, दुकानांच्या दर्शनी काचा, जिने, दारांच्या कड्या हे त्यांचे विषय. आपल्या कामाला ते केवळ ‘दस्तऐवज’ म्हणत. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले. बेरेनिस अ‍ॅबट या तरुण छायाचित्रकर्तीने त्यांचा संग्रह वाचवला आणि जगाला त्या ‘दस्तऐवजां’तील कला दिसली. दीनदयाळांनी पोटाच्या कामाशेजारी आवडीच्या कामाला जागा ठेवली, तर आत्जे यांनी विक्रीसाठी असा विषय निवडला, जो त्यांना स्वतःलाही प्रिय होता. दोघांनीही पैसे मिळवण्याला कमीपणा मानला नाही.

आजच्या व्यावसायिकाला हा तोल साधायचा असेल, तर आरंभ दरापासून करावा लागतो. लग्नाचा एक दिवस हा कामाचा लहानसा भाग असतो. त्यानंतर निवड, एडिटिंग, आल्बमची मांडणी, दुरुस्त्या आणि घरपोच देणे यांत आणखी पाच दिवस सहज जातात. समजा, घरखर्च आणि साधनांची झीज धरून वर्षाला सहा लाख रुपये सुटायला हवेत. एका ऑर्डरीमागे २० हजार सुटत असतील, तर ३० ऑर्डरी पुरतात. शेजारच्या स्टुडिओच्या स्पर्धेत ते १५ हजारांवर आले, तर ४० घ्याव्या लागतात. वाढलेल्या दहा ऑर्डरी, प्रत्येकी सहा दिवस, म्हणजे वर्षातले ६० दिवस गेले. ‘वेळच मिळत नाही’ ही तक्रार पुष्कळदा दराचीच असते. दर उतरवताना आपण स्वतःच्या कामाचे दोन महिने विकत आहोत, हे ध्यानात असावे.

दुसरी बाब पंचांगाची. चातुर्मासात हिंदू लग्ने थांबतात, पौषात मुहूर्त विरळ असतात. याच काळात गोव्याचे खरे रूप समोर येते. जूनमध्ये सांजाव, आषाढात माशेलचा चिखलकालो, श्रावणातली हिरवी कुळागरे, चतुर्थीची माटोळी, पौषातले धालो. गोव्याच्या छायाचित्रकाराला निसर्गाने आणि रूढीने मिळून दिलेली ही सवड आहे. हॉटेलांतल्या लग्नांना मात्र पंचांगाचे बंधन नसते. त्यामुळे ही सवड हळूहळू आक्रसत चालली आहे. म्हणून वर्षाच्या आरंभीच काही तारखा स्वतःच्या नावे लिहून ठेवाव्यात आणि ग्राहकाला दिलेल्या तारखेइतक्याच त्या पाळाव्यात.

तिसरी बाब विषयाची. ‘सगळेच सुंदर दिसते’ म्हणून सगळे टिपणाऱ्याच्या हाती वर्षाअखेरीस हार्ड डिस्क भरते, काम उभे राहत नाही. एकच विषय धरावा आणि तो अनेक वर्षे चालवावा. रापण ओढणारे रांपणकार, खाजन शेतीचे बांध आणि मानशी, बंद पडलेल्या खाणींचे गाव, यांपैकी प्रत्येक विषय एका आयुष्याला पुरेल. धालोसारख्या स्त्रियांच्या विधीत तर त्यांची संमती घेऊनच पाऊल टाकावे लागते; ती एका भेटीत मिळत नाही.

चौथी बाब कायद्याची, आणि ती अनेकांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला कॉपीराइट काम सांगणाऱ्याकडे जातो. ऑर्डरीतला एखादा उत्तम फोटो प्रदर्शनात लावायचा असेल किंवा पुस्तकात घ्यायचा असेल, तर अ‍ॅडव्हान्स घेतानाच तसे लिहून घेणे शहाणपणाचे. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी निर्माता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कलम ५७ अन्वये छायाचित्रकाराकडेच राहतो. येथे आम्हा वृत्तपत्रवाल्यांनीही आरशात पाहिले पाहिजे. जत्रेचा, पुराचा, शिगमोत्सवाचा फोटो मागवायचा आणि खाली नाव द्यायला विसरायचे, हे आमच्या हातून अनेकदा घडते. नाव छापायला जागा फारशी लागत नाही; पण स्वतःच्या पैशाने पेट्रोल जाळून पहाटे मांडावर पोचलेल्या माणसाला तेवढीच पोचपावती मिळायची असते.

यावर कुणी म्हणेल की, छंदाचाही एवढा हिशेब मांडला तर त्यातला आनंद उरेल का? शंका रास्त आहे. आवडीचे प्रत्येक काम प्रदर्शनाला किंवा स्पर्धेला पाठवलेच पाहिजे असे नाही. काही फोटो कुणाला दाखवण्यासाठी नसतात. हिशेब मांडायचा तो वेळ राखून ठेवण्यासाठी. त्या वेळात काय करायचे, याचा जाब कुणी मागू नये. तसेच ऑर्डरीचे काम हे कनिष्ठ, असेही समजू नये. मुलीची पाठवणी करताना मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला बाप ज्याला दिसतो, त्याला मांडावरची म्हातारीही दिसते. नजर एकच असते आणि ती लग्नाच्या गर्दीतही घडत जाते.

ते डिचोलीचे छायाचित्रकार यंदा पौषात पुन्हा भेटले. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातील तीन दिवसांची ऑर्डर त्यांनी मित्राला देऊन टाकली होती आणि वाड्यावरच्या बायकांची परवानगी घेऊन मांडावर गेले होते. समोरासमोरच्या दोन रांगांत मावशीच्या जागी आता तिची सून उभी राहते, असे त्यांनी सांगितले. काही फोटो त्यांनी दाखवले. छापण्यासाठी मागितले, तेव्हा म्हणाले, ‘‘आधी त्या बायकांना दाखवतो. मग बघू.’’