कानाचं टोक कापलेलं मांजर

सिंगापूरच्या सरकारी वसाहतींत इमारती खांबांवर उभ्या असतात आणि खाली नुसती मोकळी फरशी असते. आपल्याकडे अशा जागेत गाड्या लागतात. तिथे लग्नाचे, मयताचे मांडव पडतात, म्हातारी माणसं सोंगट्या मांडून बसतात. रात्री वर्दळ ओसरली की याच फरशीवर एखाद्या काकू पिशवी घेऊन उतरतात. वर्तमानपत्राच्या घडीवर मूठ मूठ कोरडं खाणं ओततात. खांबांआडून एकेक शेपटी वर येते. खाणं संपेपर्यंत काकू जागच्या हलत नाहीत. मग सांडलेले दाणे वेचायचे, कागद गुंडाळायचा, पाण्याचं भांडंसुद्धा रिकामं करून परत न्यायचं. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि त्या शहरात त्यासाठी दंड बसतो. मांजरांना खाऊ घालणं तिथे गुन्हा नाही, घाण करणं मात्र आहे. म्हणून ही निगुती.

ती फरशी, जिने, व्हरांडे सांभाळायचं काम टाउन कौन्सिलचं. ही कौन्सिलं निवडून आलेले खासदार चालवतात, त्यामुळे रहिवाशाच्या तक्रारीला वजन असतं. तक्रारी ठरलेल्या: दाराशी घाण केली, रात्रभर बोके भांडले, गाडीवर ओरखडे उठले. यातली एकही खोटी नसते, हे मांजरप्रेमींनी मान्य करायला हवं. पहाटे दार उघडल्यावर पायाशी विष्ठा दिसली तर कोण खूश होईल? पण अधिकाऱ्याच्या हातातला सोपा उपाय म्हणजे कंत्राटदाराला सांगून पिंजरा लावणं. पिंजऱ्यात सापडतं ते बहुधा माणसाळलेलं, नसबंदी झालेलं गरीब मांजर, कारण तेच विश्वासाने जवळ येतं. ते गेलं की खाण्याची आणि आडोशाची जागा मोकळी होते आणि तिथे बाहेरचा धडधाकट बोका येऊन बसतो. तक्रार महिनाभर थांबते, मग दुप्पट होऊन येते.

नसबंदी झालेल्या मांजराला भूल दिलेली असतानाच त्याच्या कानाचं टोक सरळ कापतात. लांबूनही ओळखू यावं, पुन्हा पकडून पोट फाडू नये, यासाठी ही खूण. माझ्या मते या सगळ्या भांडणातली सर्वात मोलाची गोष्ट हीच. या मांजराचं कुणीतरी बघतंय, त्याची पिलावळ वाढणार नाही, बोका असेल तर त्याचं ओरडणं नि मारामाऱ्या कमी होतील, एवढं सगळं ती खूण सांगते. अर्थात अधिकाऱ्याला ती वाचायची असेल तर.

१९९८ साली सरकारनेच नसबंदीची योजना सुरू केली होती. २००३ मध्ये सार्सची साथ आली, शहर धुऊनपुसून काढायची मोहीम निघाली, योजना गुंडाळली आणि मांजरं उचलून मारली गेली. वर्षानुवर्षं खिशातले पैसे घालून ज्यांनी नसबंदी करून घेतली, त्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं. २०११ मध्ये सरकारी मदतीने नसबंदी पुन्हा सुरू झाली. पण पिंजरा दिसला की काकूंच्या पोटात गोळा का येतो, हे समजून घ्यायचं तर २००३ विसरून चालत नाही.

मधला रस्ता १९९९ पासून काम करणाऱ्या कॅट वेल्फेअर सोसायटीच्या स्वयंसेवकांनी दाखवला आहे. पिंजऱ्याआधी ते तक्रारदाराच्या दारी जातात, नेमकं कोणतं मांजर, कधी येतं, हे विचारतात आणि मग खाण्याची जागा किंवा वेळ बदलून बघतात. हे काम सावकाश होतं, पण टिकतं. आपल्याकडे २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनीही गृहनिर्माण सोसायट्यांवर हीच जबाबदारी टाकली आहे: जिने, प्रवेशद्वारं, मुलांच्या खेळाच्या जागा सोडून खाणं घालायची जागा आणि वेळ ठरवून द्यायची. किती सोसायट्यांनी हा नियम उघडून वाचलाय, ते आपल्याच फाटकावरच्या पाट्या सांगतील.

सिंगापूरच्या काकूंची आणखी एक अडचण होती. या सरकारी घरांत मांजर पाळायलाच १९८९ पासून बंदी. खालचं आजारी मांजर वर नेलं तर ती स्वतःच नियम मोडणारी. १ सप्टेंबर २०२४ ला ही बंदी उठली. परवाना काढायचा, मांजराला चिप बसवायची, आणि एका घरात दोनच मांजरं. खाली दहा जणांना नावानिशी ओळखणारी काकू आता दोघांना उघडपणे घरी नेऊ शकते. कोणत्या दोघांना, ते तिने ठरवायचं. उरलेली आठ खालीच, खांबांआड.