नगरशासन व रोजगारविकास : पिंपरी-चिंचवड

नगरशासन व रोजगारविकास : नगरशासनाने आपल्या हद्दीतील उद्योग, व्यापार व रोजगार यांच्या वाढीसाठी योजिलेल्या उपायांचा समावेश या विषयात होतो. रस्ते, पाणी, वीज, आरोग्य, कामगारांची घरे व कौशल्यशिक्षण यांची सोय करणे, कर व शुल्क यांची आकारणी उद्योगांना पेलेल अशी ठेवणे, लघुउद्योगांना जागा देणे आणि दुर्बल घटकांना स्वयंरोजगारासाठी साहाय्य करणे, ही या कार्याची प्रमुख अंगे होत. या विचाराचे मूळ एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक शहरांत आढळते. इंग्‍लंडमधील बर्मिंगहॅम शहराचा महापौर जोसेफ चेंबरलिन याने १८७३–७६ या काळात गॅस व पाणीपुरवठा यांच्या खाजगी कंपन्या नगरपालिकेच्या मालकीच्या केल्या आणि त्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नातून शहरसुधारणा साधली. भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) संविधानास जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ आणि ‘नागरी दारिद्र्यनिवारण’ या विषयांचा नगरशासनाकडे सोपवावयाच्या अठरा विषयांत अंतर्भाव झाला. तथापि विषय सोपविणे आणि त्यास लागणारी साधने देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. हा भेद महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवडच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होतो.

पार्श्वभूमी : पिंपरी-चिंचवड हे पुणे जिल्ह्यातील औद्योगिक शहर पुण्याच्या वायव्येस पवना, मुळा व इंद्रायणी या नद्यांच्या परिसरात वसले आहे. मुंबई-पुणे लोहमार्ग व हमरस्ता यांवरील स्थान, पुण्यातील शिक्षणसंस्था आणि खडकी व देहूरोड येथील संरक्षण खात्याच्या कारखान्यांतून तयार झालेला कुशल कारागीरवर्ग यांचा लाभ या भागास प्रारंभापासून मिळाला. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरी येथे झाली. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन होऊन पिंपरीस पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) अस्तित्वात आले. त्याने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी भागांत जमीन संपादून रस्ते व पाणी यांसह भूखंड उपलब्ध केले. मुंबईतील उद्योगांची दाटी कमी करण्याचे राज्य शासनाचे धोरणही या भागास अनुकूल ठरले. बजाज ऑटो, बजाज टेंपो (२००५ पासून फोर्स मोटर्स), टेल्को (पुढे टाटा मोटर्स) इ. मोठ्या कारखान्यांची येथे उभारणी झाली. त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लघुउद्योग भोसरी-चिंचवड पट्ट्यात वाढले.

कारखाने आधी आले व नगरशासन नंतर स्थापन झाले, हे या शहराचे वैशिष्ट्य होय. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे एकत्र करून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका स्थापण्यात आली. तिच्या स्थापनेत अण्णासाहेब मगर यांचा पुढाकार होता. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. त्या सुमारास सांगवी, रहाटणी, थेरगाव, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर इ. लगतची गावे शहरात आली, तर १९९७ मध्ये आणखी १८ गावांचा समावेश झाला. लोकसंख्या १९९१ मध्ये ५,१७,०८३ होती. २००१ मध्ये ती सु. दहा लाख व २०११ मध्ये सु. १७ लक्ष २७ हजार झाली. महानगरपालिकेचे क्षेत्र सु. १८१ चौ. किमी. आहे.

अधिकारांची विभागणी : शहराच्या आर्थिक विकासाची सूत्रे एका हाती कधीच नव्हती. औद्योगिक भूखंडांचे वाटप व त्या क्षेत्रातील बांधकामाची परवानगी महामंडळाकडे राहिली. निवासी नियोजनासाठी १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगारांना परवडणारे भूखंड व घरे देणे हा त्याचा हेतू होता. प्राधिकरणासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचे क्षेत्र व मालमत्ता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि महानगरपालिका यांमध्ये विभागण्यात आली. उद्योगांना द्यावयाच्या सवलतींचे धोरण राज्य व केंद्र शासन ठरवितात. कामगारविषयक कायदेही त्यांच्याच अखत्यारीत येतात. परिणामी रोजगारवाढीचे श्रेय वा अपश्रेय महानगरपालिकेकडे जात असले, तरी कारखाना कोठे निघावा किंवा बंद व्हावा, याचा निर्णय तिच्या हाती नसतो. कारखाना व कामगार या दोघांना शहरात टिकून राहणे शक्य व्हावे अशी परिस्थिती राखणे, एवढेच तिचे कार्य उरते.

वित्तव्यवस्था : हे कार्य महानगरपालिकेने दीर्घकाळ जकातीच्या बळावर केले. उपभोग, वापर किंवा विक्री यांसाठी शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात घेतली जाई. वाहन उद्योगास लागणारे पोलाद, सुटे भाग व यंत्रसामग्री मोठ्या प्रमाणात येत असल्याने लोकसंख्येच्या मानाने जकातीचे उत्पन्न पुष्कळ होते. त्यामुळेच देशातील श्रीमंत महानगरपालिकांत या शहराची गणना होऊ लागली. रुंद रस्ते, उड्डाणपूल, उद्याने व यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय यांसारख्या सोयी या उत्पन्नामुळे शक्य झाल्या. नाक्यांवर वाहनांचा होणारा खोळंबा व कच्च्या मालावर पडणारा बोजा, हे जकातीचे दोष उघड होते. मात्र कारखान्याचे उत्पादन वाढले की नगराचे उत्पन्न वाढे, असा प्रत्यक्ष संबंध तीमुळे टिकून होता.

१ एप्रिल २०१३ पासून येथे जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच तोही संपला. त्याऐवजी राज्य शासन २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून दरवर्षी आठ टक्के चक्रवाढीने भरपाई देते. भरपाईमुळे महानगरपालिकेचे उत्पन्न स्थिर झाले. परंतु शहरात कारखाने वाढले वा घटले, तरी तिच्या रकमेत फरक पडत नाही. व्यवसायकराची स्थितीही लक्षणीय आहे. नोकरदारांकडून घेतला जाणारा हा कर १९७५ च्या अधिनियमानुसार राज्य शासनाकडे जातो. मूलतः तो ग्रामीण रोजगार हमी योजनेला निधी मिळावा म्हणून बसविण्यात आला होता. शहरातील नोकऱ्यांमधून ग्रामीण रोजगाराला आधार देण्याची ती कल्पना उदात्त होती. तथापि शहरात रोजगार वाढला म्हणून नगरशासनाच्या तिजोरीत थेट भर पडण्याचा मार्ग तीमुळे उरला नाही. स्वतःच्या उत्पन्नासाठी महानगरपालिकेला आता मुख्यतः मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क यांवर अवलंबून राहावे लागते. २०२५ मध्ये तिने दोनशे कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे विक्रीस काढून भांडवल उभारणीचा नवा मार्ग अनुसरला.

पिंपळे सौदागर : वित्तव्यवस्थेतील व उद्योगरचनेतील या बदलाचे प्रतिबिंब पिंपळे सौदागर या उपनगरात दिसते. पवनाकाठचे हे गाव पूर्वी शेतीवर जगणारे होते. महानगरपालिकेत आल्यानंतरही काही वर्षे तेथील ग्रामीण स्वरूप टिकून होते. लगतच्या हिंजवडी येथे महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारल्यावर वाकड ते नाशिक फाटा या मार्गालगतच्या जमिनींना मागणी आली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत येथे बहुमजली गृहसंकुलांची दाट वस्ती झाली. हिंजवडी महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे नोकरी हद्दीबाहेर व निवास हद्दीत, अशी विभागणी झाली. अशा वस्तीमुळे मालमत्ता कराचे उत्पन्न वाढते आणि दुकाने, उपाहारगृहे, शाळा, रुग्णालये, घरकाम, वाहनचालन, सुरक्षारक्षण अशा सेवांत रोजगारही निर्माण होतो. परंतु कारखान्यातील कायम नोकरीबरोबर येणारे भविष्यनिर्वाह निधी, आरोग्यविमा, संघटनेचे संरक्षण इ. लाभ या सेवांतील बहुसंख्य कामगारांना मिळत नाहीत. केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी अभियानात शहराची निवड झाल्यावर क्षेत्राधारित विकासासाठी पिंपळे गुरव व पिंपळे सौदागर हे भाग घेण्यात आले. रस्त्यांची पुनर्रचना, पदपथ, सायकलमार्ग व उद्याने यांवर तेथे भर देण्यात आला. निवासाची गुणवत्ता वाढविणे हेही आर्थिक विकासाचे साधन होय, कारण कुशल मनुष्यबळ राहण्यायोग्य शहराकडे ओढले जाते. मात्र ज्या भागाला आधीच बाजारपेठेचे बळ आहे तेथेच अशी गुंतवणूक होणे योग्य की अयोग्य, हा वादाचा विषय आहे.

उद्योगांचे स्थलांतर : जमिनीचे वाढते भाव, वाहतुकीची कोंडी आणि अन्य राज्यांतील करसवलती यांमुळे मोठे उद्योग शहराबाहेर वाढू लागले. उत्तराखंडाला केंद्राने दिलेल्या सवलतींनंतर बजाज ऑटोने पंतनगर येथे कारखाना काढला आणि सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डी येथील वाहन उत्पादन थांबविले. चाकण औद्योगिक क्षेत्रात बजाजचा कारखाना त्यापूर्वीच सुरू झाला होता; २००९ मध्ये फोक्सवॅगन तेथे आली व मर्सिडीज-बेंझचा कारखानाही पिंपरीहून तेथे गेला. पुरवठादार लघुउद्योगांचा मोठा भाग भोसरी, चिंचवड व तळवडे येथेच राहिला. त्यामुळे चाकणमधील उत्पादनाचे चढउतार शहरातील यंत्रशाळांना लगेच जाणवतात. परंतु चाकणच्या रस्त्यांवर वा नियोजनावर महानगरपालिकेचा अधिकार चालत नाही.

प्रत्यक्ष उपाययोजना : मर्यादित अधिकारांत महानगरपालिकेने काही उल्लेखनीय प्रयत्न केले. (१) कौशल्यशिक्षण : मोरवाडी येथे तसेच मुलींसाठी कासारवाडी येथे ती औद्योगिक प्रशिक्षण संस्था चालविते. नगरशासनाने स्वतः अशा संस्था चालविणे ही विरळ बाब होय. (२) सामाईक सुविधा : केंद्राच्या औद्योगिक पायाभूत सुविधा उन्नयन योजनेखाली (२००३) चिंचवड येथे ऑटो क्लस्टर ही संस्था महानगरपालिका व उद्योजक यांच्या सहभागाने उभी राहिली. ज्या चाचण्या व मोजमापांची यंत्रे एकट्या लघुउद्योजकास परवडत नाहीत, ती तेथे शुल्क देऊन वापरता येतात. नवउद्योजकांसाठी संवर्धन केंद्रही याच परिसरात सुरू झाले. (३) वाहतूक : १९७४ मध्ये सुरू झालेली नगर परिवहन सेवा २००७ मध्ये पुण्याच्या सेवेत विलीन झाली. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी या मार्गावर मेट्रो धावू लागली. कामगाराला स्वस्तात व वेळेवर कामावर पोहोचता येणे, हा रोजगाराचाच एक भाग होय. (४) स्वयंरोजगार : महिला बचतगटांच्या उत्पादनांच्या विक्रीसाठी भरविण्यात येणारी ‘पवनाथडी जत्रा’ लोकप्रिय आहे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार विक्रेत्यांची नोंदणी व जागानिश्चिती करण्याची जबाबदारीही नगरशासनावर आहे.

मर्यादा व वाद : आर्थिक विकासाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पवना धरणातून शहरासाठी बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावरील बऊर येथे आंदोलनाच्या वेळी झालेल्या पोलीस गोळीबारात तीन जण मृत्युमुखी पडले व योजना थांबली. शहराच्या वाढीसाठी लागणारे पाणी कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न त्या घटनेने पुढे आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडी भागातील भंगारदुकाने, गोदामे व लहान कारखाने अशी हजारो अनधिकृत बांधकामे महानगरपालिकेने पाडली. वारंवार लागणाऱ्या आगी, हवेचे व इंद्रायणीचे प्रदूषण आणि विकास आराखड्यातील रस्ते ही कारवाईची कारणे होती व ती दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. तथापि मोठ्या कारखान्यांतील टाकाऊ मालाचे वर्गीकरण व पुनर्वापर याच वस्तीत होत असे आणि त्यावर अनेक स्थलांतरित कुटुंबांची उपजीविका अवलंबून होती. त्यांच्यासाठी पर्यायी जागा कारवाईपूर्वी सिद्ध झालेली नव्हती. निर्वाचित सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून कारभार प्रशासकाकडे गेलेला असल्याने, बाधितांची बाजू मांडण्यास नगरसेवकही नव्हते.

मूल्यमापन : एकाच उद्योगावर विसंबलेल्या शहरावर केव्हा काय ओढवेल याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतील डिट्रॉइट होय. वाहन उद्योग व लोकवस्ती ओसरल्यावर त्या नगरशासनाला जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. पिंपरी-चिंचवडची स्थिती तशी नाही. येथील उद्योग नष्ट न होता आसपास पसरले आणि माहिती तंत्रज्ञान व सेवाक्षेत्र यांची त्यांत भर पडली. परंतु औद्योगिक नगराचे निवासी नगरात होणारे रूपांतर नगरशासनाच्या उत्पन्नाला पोषक असले, तरी कमी शिकलेल्या कामगाराला ते पोषक असेलच असे नाही. औद्योगिक भूखंड निवासी वापरात जाऊ न देणे, लघुउद्योगांना बहुमजली गाळे माफक भाड्याने देणे, जुने उद्योग हलविण्यापूर्वी पर्यायी जागा तयार करणे, आणि पुणे, चाकण व हिंजवडी यांसह प्रादेशिक पातळीवर एकत्र नियोजन करणे, हे यापुढील कार्याचे महत्त्वाचे भाग ठरतात. त्याचबरोबर शहरातील रोजगार व उत्पादन यांच्या वाढीतील काही वाटा नगरशासनास मिळेल अशी वित्तीय तरतूदही आवश्यक आहे. अन्यथा कारखान्यापेक्षा गृहसंकुल अधिक लाभदायक, हा हिशेबच शहराचे भवितव्य ठरवील.