यकृत नसलेला तास

लिव्हर बिघडलं म्हणून डॉक्टरांकडे जावं आणि मेडिकलवाल्यानं हातात प्रोप्रॅनोलॉल ठेवावं. "अहो, ही तर हार्टची गोळी!" धाराशिव असो की पुणे, बरोबरचे नातेवाईक हमखास चमकतात. चमकावं अशीच गोष्ट आहे. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हे औषध शोधलं ते छातीत कळ येणाऱ्यांसाठी. १९८० च्या सुमारास पॅरिसच्या डॉक्टरांना दिसलं, की यकृत कडक करणाऱ्या सिरॉसिसमध्ये आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या मोठ्या शिरेत तुंबलेला दाबही ते उतरवतं. मग अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून होणाऱ्या रक्ताच्या उलट्या कमी होतात.

हृदयाचा आणि यकृताचा एवढा घरोबा कसा? हृदय फेकतं त्या रक्ताचा जवळपास चौथा हिस्सा यकृतातून जातो. मिनिटाला सुमारे दीड लिटर! यकृत कडक झालं की शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदय जास्त रक्त फेकू लागतं आणि सोनोग्राफीत ठणठणीत दिसतं. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप मोकळा सोडून पाहा. पाणी धो धो पडतं, पण मोटारीत दम किती आहे ते कळतं का? ते कळतं चढावरच्या टाकीत पाणी चढवताना. म्हणून यकृत बदलण्याआधी औषध देऊन हृदयाला मुद्दाम पळवतात आणि तेव्हाची सोनोग्राफी काढतात.

कारण ऑपरेशनमध्ये खरोखरच चढ येतो. जुनं यकृत काढताना खालच्या अंगाचं रक्त वर आणणारी महाशीर पूर्ण दाबली, तर हृदयाकडे परतणारं रक्त एकदम निम्म्यावर येऊ शकतं. शल्यविशारदांनी यावर युक्ती काढली: महाशीर जागेवरच ठेवायची आणि नवं यकृत तिच्या पाठीवर जोडायचं.

मग येतो साधारण तासभराचा विलक्षण काळ. शरीरात यकृतच नाही! ऑपरेशनमध्ये चढवतात ते बाटलीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट असतं. एरवी यकृत ते गुपचूप पचवतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. आता पचवणार कोण? ते साचतं, रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय हृदयाचा स्नायू नीट आवळत नाही. भूलतज्ज्ञ दर थोड्या वेळानं रक्त तपासून कॅल्शियम देत राहतात.

पण खरी कसोटी पुढेच. नवं यकृत ४ अंश सेल्सियसला थंड ठेवलेलं असतं. ते ज्या द्रावणात टिकवतात, त्यातल्या काहींमध्ये पोटॅशियम रक्ताच्या पंचवीसेक पट असतं. म्हणून आधी ते धुऊन काढतात. तरी शिरा दाबून धरणारा चिमटा सुटताच थंड, आम्लयुक्त, पोटॅशियमनं भरलेलं रक्त थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात शिरतं. मॉनिटरवरच्या लाटा रुंदावतात, ठोके मंदावतात, बीपी घसरतं. काहींचं हृदय थांबतंसुद्धा. हाताशी कॅल्शियम, सोडा बायकार्ब, ॲड्रेनॅलिन भरलेल्या सिरिंज तयारच असतात. सगळा खेळ पहिल्या पाच मिनिटांचा. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याचं हृदय अशा वेळी हात आखडता घेऊ शकतं, म्हणून त्या गोळीचा हिशोब आधीच मांडलेला असतो. ती मनानं बंद करण्याचा शहाणपणा मात्र कुणी करू नये, शिरा फुटायच्या!

जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतं मूत्रपिंड, आणि यकृताबरोबर तेही बसलं की कोडं दुप्पट अवघड. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख २०१२ साली चेन्नईत या दोन्ही अवयवांची वाट पाहत होते. प्रत्यारोपण होण्याआधीच, १४ ऑगस्टला ते गेले.

यकृत मिळालं आणि ती पाच मिनिटं निभली, तर पुढचं नवल पाहण्यासारखं. परकं यकृत ऊब येताच कामाला लागतं: पोटॅशियम आत ओढतं, सायट्रेट पचवतं. कॅल्शियम आपोआप वर येतं आणि बीपी धरून ठेवणारं नॉरॲड्रेनॅलिन हळूहळू उतरवता येतं. शरीरानं ते यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस सुरू होतं. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूनं दिलेलं हे औषध. त्यानं रक्तवाहिन्या आवळतात, आणि वर्षानुवर्षं कमी बीपीत काढलेला पेशंट काही महिन्यांत बीपी वाढलं म्हणून ॲम्लोडिपिन घेऊ लागतो.