पाण्याची वाट शोधणारा वर्ग

जुलै 2023 च्या अतिवृष्टीत चंडीगडच्या सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले आणि सुखना चो या ओढ्याचे पाणी झिरकपूरच्या बलटाना भागात शिरले. ‘पाणी नेमके इथेच का आले?’ हा प्रश्न भूगोलाच्या तासाला घ्यायलाच हवा.

त्यासाठी संगणकही लागत नाही. आलेखवहीच्या प्रत्येक चौकोनात जमिनीची उंची लिहा. नियम एकच: शेजारच्या आठ चौकोनांपैकी जिकडे उतार सर्वांत तीव्र, तिकडे बाण काढा. तिरपा शेजारी 1.41 पट लांब असतो, म्हणून उंचीतला फरक अंतराने भागायचा. बाण जोडत गेले की ओढा आपोआप उमटतो. 1984 मध्ये मांडलेली ‘डी-8’ पद्धत ती हीच. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती वापरता येते.

मला खरे मोल वाटते ते पुढच्या पायरीचे. मोफत मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांत एक चौकोन बहुधा 30 मीटरचा असतो. त्यात कुंपणाची भिंत किंवा तुंबलेली मोरी दिसत नाही, आणि सपाट वस्तीत पाणी वळवायला तेवढे पुरते. नियम चुकला की माहिती अपुरी पडली, हे मुलांनी ओढ्याकाठी जाऊन तपासावे. शिक्षकांनो, पावसाळ्याआधी आपल्या गावाचा असा एक तक्ता वर्गात कराच.