सुट्ट्या पैशांचे गणित

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, हे तुम्हांला ठाऊक असेल. अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. कंडक्टरच्या हातातील तिकिटांची पेटी आणि चिमटा जाऊन तेथे यंत्र आले. पण एक आरोळी मात्र अजून ऐकू येते : "सुट्टे द्या, सुट्टे!"

या आरोळीमागे कोणते गणित दडले आहे, ते आज पाहू.

समजा, गाडीत ४० प्रवासी आहेत. त्यांपैकी २६ जणांकडे नेमके सुट्टे पैसे आहेत. उरलेल्या १४ जणांना पैसे परत करावे लागतील. प्रत्येकासाठी ३० सेकंद धरले, तर ४२० सेकंद, म्हणजे ७ मिनिटे एवढ्यातच गेली.

आता कंडक्टर मोबाइलवरूनही पैसे घेऊ लागला. समजा, २४ प्रवासी तसे देऊ शकतात. त्यांतल्या १६ जणांकडे सुट्टेही आहेत. मग एकूण किती जणांची सोय झाली? २६ + २४ = ५० हे उत्तर चूक, कारण १६ जण दोनदा मोजले गेले. ते एकदा वजा करा : ५० - १६ = ३४. गणिताच्या तासाला शिकलेला संचांचा संयोग तो हाच! सुट्ट्यांची अडचण आता १४ ऐवजी ६ जणांपुरतीच राहिली. मोबाइलवाल्या ८ जणांना १० सेकंद जादा लागले असे धरले, तरी एकूण वेळ १८० + ८० = २६० सेकंद. म्हणजे २ मिनिटे ४० सेकंद वाचली.

स्थानकावरील चहावाल्याला तर याचे मोल अधिक. गाडी पाच मिनिटेच थांबते. दहा रुपयांच्या चहासाठी कोणी पाचशेची नोट पुढे केली आणि सुट्टे नसले, तर गिऱ्हाईक निघून जाते. ते परत येत नाही. उकळलेला चहा मात्र उरतो.

मोबाइलवरून पैसे जातात कसे? यूपीआय ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. कंडक्टरच्या यंत्रावर काळ्यापांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड उमटतो. पैसे कोणाला व किती द्यायचे, हे त्यात सांकेतिक रूपात लिहिलेले असते. तुमचा फोन ते वाचतो आणि तुमचा गुप्त क्रमांक घेऊन बँकेला निरोप धाडतो. तुमच्या खात्यातून रक्कम वजा होते, दुसऱ्या खात्यात जमा होते आणि दोघांनाही तसे कळते. रक्कम कोडमध्येच असल्याने ती टाइप करताना होणारी चूक टळते. शिवाय प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप राहते. डेपोत मोजायची रोकड कमी होते. चहावाल्याने उद्या कर्ज मागितले, तर आपला धंदा किती चालतो हे त्याला त्या नोंदींवरून दाखवता येते.

मग रोख पैसे बंदच का करू नयेत? येथे संभाव्यतेचा विचार करू. समजा, दहांपैकी एकदा फोनची रेंज जाते आणि दहांपैकी एकदा सुट्टे नसतात. दोन्ही अडचणी एकमेकींवर अवलंबून नसतील, तर त्या एकाच वेळी येण्याची शक्यता १/१० × १/१० = १/१००. दोन मार्ग ठेवल्याने अडून पडण्याची शक्यता दहापटीने घटली!

पण "एकमेकींवर अवलंबून नसतील" ही अट विसरू नका. एखाद्या दुकानदाराने चार कंपन्यांचे चार क्यूआर कोड लावले, तर त्याच्याकडे चार मार्ग झाले का? नाही. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात रेंज गेली, की चारही एकदमच बंद पडतात. नोटेला रेंज लागत नाही. मोबाइलला सुट्टे लागत नाहीत. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून ही जोडी उपयोगी. आणखी एक गोष्ट. ज्या आजीबाईंकडे फोनच नाही, त्या मोबाइलवाल्यांच्या संचात कधीच येणार नाहीत. रोख घेणे बंद केले, तर व्यवसाय ते गिऱ्हाईक गमावतो आणि आजीबाईंची गाडी चुकते.

करून पाहा : ओळखीच्या दुकानदाराची परवानगी घेऊन तासभर शेजारी बसा. किती जणांनी रोख दिले, किती जणांनी मोबाइलवरून, आणि किती जण सुट्ट्यांअभावी परत गेले, ते लिहून काढा. शेवटचा आकडा दुकानदाराला अवश्य दाखवा. त्याच्या वहीत तो कधीच नोंदलेला नसतो!