थांबायचं की उडायचं?

धावपट्टीवर वेग घेणाऱ्या विमानाचं इंजिन बिघडलं, तर काय करायचं हे वैमानिक त्या क्षणी ठरवत नाही. बरंचसं आधीच ठरलेलं असतं. विमानाचं वजन, धावपट्टीची लांबी, वारा, तापमान यांवरून प्रत्येक उड्डाणासाठी ‘व्ही-वन’ हा वेग काढतात. त्याआधी बिघाड झाला तर थांबायचं. त्यानंतर झाला तर उरलेल्या इंजिनावर उडायचंच, कारण आता थांबायला धावपट्टी पुरणार नाही. म्हणूनच ‘व्ही-वन’ची हाक आली की कॅप्टन थ्रॉटलवरचा हात काढून घेतो.

थांबायचं ठरलं की थ्रॉटल मागे, पूर्ण ब्रेक, पंखांवरचे स्पॉयलर वर, मग रिव्हर्स थ्रस्ट. वेग ८० ते १०० नॉटच्या पुढे गेला असेल, तर इशाऱ्याच्या किरकोळ दिव्यासाठी कुणी थांबत नाही. आग किंवा इंजिन निकामी होणं असंच गंभीर कारण लागतं.

वेळेत थांबलं म्हणजे सुटलो, असंही नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७ मध्ये धावपट्टीवर वेग घेताना धडाका झाला. वैमानिकांना वाटलं, टायर फुटला. प्रत्यक्षात इंजिनाच्या तुकड्याने पंखातली इंधनटाकी फोडली होती. विमान धावपट्टीवरून वळून थांबलं आणि वाऱ्याने ज्वाळा थेट केबिनकडे ढकलल्या. १३७ पैकी ५५ जण दगावले, बहुतेक धुराने. पुढे विमानांमध्ये आपत्कालीन दारांजवळची जागा वाढली, जमिनीलगत दिवे आले.

अशा वेळी प्रत्येक सेकंद मोलाचा, म्हणून विमान रिकामं करायची सूचना झाली, तर बॅग वरच राहू द्या.